शून्य रुपयांचे तिकीट

बेल्याहून आदिलाबादला जाण्यास किती पैसे पडतात, असे कोणी विचारले, तर आमच्या घरी दोन उत्तरे मिळतात. ताई म्हणते, काहीच नाही. बाबा म्हणतात, जाऊन-येऊन शंभराची नोट मोडते. दोघांचेही म्हणणे खरे आहे. ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात महालक्ष्मी योजनेखाली ‘पल्ले वेलुगु’ व एक्स्प्रेस बसगाड्यांतून स्त्रियांचा आणि मुलींचा प्रवास विनामूल्य झाला. वाहक आधार कार्ड पाहतो आणि यंत्रातून शून्य रुपयांचे तिकीट काढून देतो. एकाच बाकावर बसून, एकाच खड्ड्यात उसळून, एकाच थांब्यावर उतरणाऱ्या बापलेकींपैकी एकीचा प्रवास सरकारी आणि दुसऱ्याचा घरचा!

बाबा शहरात एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहितात. ताई बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचा मुलूख कापसाचा. वेचणी संपली की गावात हाताला काम उरत नाही, आणि पदवीचे शिक्षण तर शहरातच. म्हणून ही दोघे रोज पहाटे घराबाहेर पडतात. त्यांच्या आधी तासभर आई उठलेली असते. दोन डबे भरून झाले की ती उंबऱ्यावर येते, बसचा हॉर्न ऐकते आणि मग पुन्हा चुलीकडे वळते. हा तास कोणत्याच तिकिटावर छापलेला नसतो.

आजोबांना प्रत्येक गोष्ट वहीत मांडण्याची सवय. त्यांनी एकदा बाबांच्या भाड्याचे महिन्याचे चोवीसशे रुपये लिहिले आणि खाली ताईचे शून्य. मग चष्मा सारखा करून मला म्हणाले, “आता हिचे तास लिही.” घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत रस्त्यावर आणि थांब्यावर मिळून रोजचे साडेतीन तास. चोवीस दिवसांचे चौऱ्याऐंशी. म्हणजे महिन्यातून साडेतीन अहोरात्र माझी बहीण केवळ जाते आणि येते! आजोबांनी त्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या आणि वही मिटली.

आमचे काका कल्याणला असतात. तेथून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे चोपन्न किलोमीटर. बेल्याहून आदिलाबादपेक्षा अधिकच. गर्दीच्या त्यांच्या वर्णनाने आमच्या अंगावर काटा येतो. परंतु त्यांची एक गाडी चुकली तर थोड्या मिनिटांत दुसरी येते. आमची बस चुकली तर अर्धा दिवस चुकतो. मला वाटते, चाकांवर जाणाऱ्या वेळेपेक्षा वाट पाहण्यात जाणारी वेळच माणसाला अधिक थकवते. धावत्या गाडीत निदान आपण कोठेतरी निघालेलो असतो.

गेल्या पावसाळ्यात ओढ्याला पूर आला आणि बस पलीकडेच थांबली. ताई त्या रात्री शहरात मैत्रिणीकडे राहिली. दुसऱ्या दिवशी आजीने निकाल दिला, “पुरे झाले कॉलेज!” शहरात खोली घेण्याचा विचार झाला. खोलीचे भाडे, खानावळ आणि दिवाबत्ती यांची बेरीज बाबांच्या निम्म्या पगारापर्यंत गेली, तेव्हा कोणीच काही बोलेना. ताईने एवढेच सांगितले, “मी बसमध्येच बसेन, पण मला बसू द्या.” आता प्रयोगाच्या दिवशी उशीर झाला तर बाबा दुकानाच्या पायरीवर तिची वाट पाहतात आणि दोघे भाड्याच्या जीपने परततात. जीपवाला शून्य रुपयांचे तिकीट मानीत नाही!

माणसाने अंतर तोडावे, तसे कधी कधी अंतरही माणसाकडे येते. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. तोवर मंचिर्यालच्या माणसाला जिल्हा कचेरीतील एका कामासाठी दीडशे किलोमीटरच्या आसपास यावे लागे. त्याची कचेरी आता गावातच आहे. आमच्याकडे असे काही सरकले नाही. उलट आगगाडीने आपल्याच राज्याच्या राजधानीस जायचे, तर आदिलाबादहून आधी किनवट, मुदखेड असे महाराष्ट्रात जावे लागते आणि मग बासर, निजामाबादवरून पुन्हा तेलंगणात यावे लागते.

आजीचे माहेर कोरपन्याकडे. तो भाग पूर्वी राजुरा तालुक्यात आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो पलीकडे गेला. महाराष्ट्राच्या एस. टी.त १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. त्यामुळे आजी हद्दीपर्यंत फुकट जाते आणि पुढे अर्धी होते. “पंचाहत्तरी पूर्ण होऊ दे,” आजोबा तिला चिडवतात, “मग तिकडेही फुकट.”

येत्या जूनपासून मीही त्याच बसने शहरात शिकायला जाणार. माझ्यासाठी विद्यार्थी पास काढावा लागेल. आजोबांनी वहीत त्याचा रकाना आखून ठेवला आहे. ताईने मात्र मला आताच बजावले आहे: धक्क्यांमुळे बसमध्ये वाचता येत नाही, पाठांतर तेवढे होते, तेव्हा सूत्रे आणि तेलुगू शब्द बससाठी राखून ठेव, आणि डाव्या बाजूच्या खिडकीवर हक्क सांगू नकोस, ती माझी आहे.