उसवली तर शिवणार कोण?

आयटीतल्या माणसाच्या पाठीवर हमखास दिसणारी वस्तू म्हणजे कंपनीने फुकट दिलेली काळी सॅक. तिला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. पावसात टिकते, चोराच्या डोळ्यांत भरत नाही आणि हरवली तर रडू येत नाही. पण दहाएक वर्षं नोकरी झाली, क्लायंटसमोर बसायची वेळ यायला लागली, की वाटतं आता जरा बरी, चामड्याची, हातात धरायची बॅग घ्यावी. एकदाच घ्यावी आणि रिटायर होईपर्यंत वापरावी. टीममधल्या तिघांनी गेल्या वर्षभरात मला याबद्दल विचारलं. मी मूळचा जतचा, आणि चपलांचा मुलूख तिथून जवळ, एवढ्यावरून लोक मला चामड्यातला जाणकार समजतात! असो. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी 'लेदर' या शब्दाचं बघू. मॉलमध्ये दोन-अडीच हजाराला जी चकचकीत बॅग मिळते ती बहुतेक वेळा पीयू असते, म्हणजे कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा थर. दमट हवा आणि उष्णता मिळून या थराची रासायनिक साखळी हळूहळू तोडतात. त्यामुळे अशी बॅग नुसती कपाटात ठेवली तरी काही पावसाळ्यांनंतर तिचे पापुद्रे निघायला लागतात. पॉलिश लावा, क्रीम लावा, काही उपयोग नाही. दुसरा प्रकार 'बॉन्डेड लेदर'. चामड्याचा भुगा चिकटद्रव्यात थापून केलेला तक्ता. सागवान आणि पार्टिकल बोर्डात जो फरक, तोच इथे.

आणि 'जेन्युइन लेदर' हा शिक्का? तो खोटा नसतो, पण पुरेसा खराही नसतो. कातड्याचा वरचा थर सगळ्यात घट्ट विणीचा, खालचा सैल. यंत्रावर कातडं आडवं चिरून दोन थर वेगळे करतात आणि खालच्या थरावर रंग देऊन, छाप मारून त्याच्याही बॅगा होतात. तेही जेन्युइनच. आपल्याला हवा वरचा थर, तोही न घासलेला. दुकानात त्याला 'फुल ग्रेन' म्हणतात.

तो ओळखायची माझी खूण सोपी आहे: ओरखडे शोधा. जनावर आयुष्यभर बाभळी-बोरींच्या काट्यांतून चरलेलं असतं. त्याच्या कातड्यावर ओरखडे असतात, गोचिडांचे बारीक खड्डे असतात, कधी डाग दिल्याची खूण असते. ते कातडं काचेसारखं गुळगुळीत कसं असेल? तसं दिसलं तर बहुधा ते घासून, वर रंगाचा जाड थर देऊन आणलेलं आहे. ओरखडा असलेली बॅग घ्या. दुकानदार त्यापायी दोन पैसे कमीही करतो :)

आता थोडं गावाकडे जाऊ. जत तालुका सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, कर्नाटकाला खेटून. पाऊस कमी, कायम दुष्काळाच्या यादीत. डिझेल इंजिनं आणि विजेचे पंप येण्याआधी इथल्या विहिरींवर मोटा चालायच्या. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोट चित्रातच पाहिली असेल. ती म्हणजे कमावलेल्या चामड्याची भलीमोठी पिशवी. बैल धावेवरून उतरायचे, नाड्याला बांधलेली भरलेली मोट वर यायची आणि थारोळ्यात रिकामी व्हायची. दिवसभर हेच. आपल्या लॅपटॉपचं दोन किलो वजन त्यापुढे काय!

मोट किती वर्षं टिकायची असं मी मामांना विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, "आरं, मोट फाटायचीच की. सांजच्याला शिवून घ्यायची, सकाळी पुन्हा बैलं जुपायची. टिकती म्हंजे काय?"

मला वाटतं बॅगेबद्दलची मुख्य गोष्ट हीच आहे. आपण न फाटणारी वस्तू शोधत दुकानं पालथी घालतो. तशी वस्तू नसते. शिवता येणारी आणि शिवता न येणारी, असे दोनच प्रकार असतात.

मामांनी न सांगितलेली गोष्टही लिहायला हवी. कातडं कमावणारे आणि मोट शिवणारे गावाबाहेर राहायचे. चामड्याच्या मोटेतून आलेलं पाणी अख्ख्या गावाला चालायचं, पण मोट शिवणाऱ्याने त्याच विहिरीला हात लावलेला चालत नव्हता. हे लॉजिक मला आजवर कोणी समजावून देऊ शकलेलं नाही.

जतहून तास-दीड तासावर अथणी. तालुका बेळगाव जिल्ह्यात, पण 'कोल्हापुरी' म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी चपला तिथे तयार होतात. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्यात आमचा सांगली जिल्हाही आहे. हे चामडं पारंपरिक पद्धतीत बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. त्याला आठवडेच्या आठवडे जातात. क्रोमियमच्या क्षारांनी तेच काम एक-दोन दिवसांत होतं, म्हणून जगातलं बहुतेक चामडं आज क्रोमचं असतं.

तिथल्या एका कारागिराला मी विचारलं, तुम्ही ऑफिसची बॅग का करत नाही? तो हसला. "सर, चपलेचं कातडं येगळं, पिशवीचं येगळं. तळाचं कातडं वाकवलं तर मोडतंय. आन् पिशवीला येवढा मोठा तुकडा बिनभोकाचा कुठनं आनू?" चपलेचे तुकडे छोटे, कातड्यातला खराब भाग चुकवून कापता येतात. बॅगेच्या झाकणाला सलग पान लागतं. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये तसल्याच चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आपण सगळ्यांनी फेसबुकवर केवढा संताप केला. त्यातल्या कितीजणांच्या पायात त्या दिवशी कोल्हापुरी होती, हा प्रश्न मी ऑफिसात विचारला आणि वातावरण जरा बिघडलं.

तर काय घ्यावं? कडक पेटीसारखी ब्रीफकेस नको. तिच्या चामड्यामागे पुठ्ठा नाहीतर प्लायवूड चिकटवलेलं असतं, तिथे मोच्याची आरी नीट चालत नाही. मऊ अंगाची, झाकणाची बॅग बघा. पुण्या-मुंबईच्या पावसाला अंग क्रोमच्या चामड्याचं बरं, कारण सालीत कमावलेल्यावर पाण्याचे डाग पडतात. मात्र मूठ आणि पट्टा सालीत कमावलेला मिळाला तर सोडू नका, तो कमी ताणतो. मूठ जिथे अंगाला जोडली आहे तिथे नुसता रिव्हेट आहे की शिलाईही आहे ते बघा, कारण बॅग नव्वद टक्के वेळा तिथेच जाते (आकडा माझ्या मनाचा आहे). खिशात चुंबक न्या. बक्कल चिकटलं तर लोखंड, म्हणजे पहिल्या पावसात गंज. रिकामी बॅग दीड किलोच्या वर असेल तर ठेवून द्या, तुमचे खांदे काही बदलून मिळत नाहीत. आणि तोंडाला चेनपेक्षा बक्कल बरं. चेन बिघडली की सगळी बॅग अडते, बक्कल तुटलं तर दुसरं लागतं.

माझी बॅग म्हशीच्या चामड्याची आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे म्हशीचं चामडंच सहज मिळतं. ते जाड आणि दाणेदार असतं, नाजूक दिसत नाही. धारावीत, सायन-बांद्रा लिंक रोडवर ओळीने चामड्याची दुकानं आहेत, तिथे घेतली. बिलावर वॉरंटी वगैरे काही नाही. आत्तापर्यंत दोनदा पट्ट्याची टोकं शिवून घेतली, एकदा अस्तर बदललं. पावसाळ्यात ती प्लॅस्टिकमध्ये कोंडत नाही, बुरशी येते. भिजली तर उन्हात किंवा हीटरपुढे न ठेवता पंख्याखाली वाळवतो, आणि वर्षातून दोनदा तेलाचा अगदी हलका हात फिरवतो. त्याने रंग थोडा गडद होतो, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या सोसायटीबाहेर बसणाऱ्या मोचीकाकांनी मागच्या वेळी पट्टा शिवायचे ऐंशी रुपये सांगितले. माझ्यासोबतचा मित्र, ज्याने आदल्याच आठवड्यात शोरूममध्ये चौदा हजारांची बॅग एक शब्द न बोलता घेतली होती, म्हणाला, "काका, साठ करा की." काकांनी आरी खाली ठेवली, त्याची नवी बॅग मागून घेतली, उलटी करून शिलाईवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ही घेऊन या वर्षभरानं. तुमचं साठमध्येच करू."