धुराचा हिशेब

कोणी आपले गाव नदीवरून ओळखतो, कोणी देवळाच्या कळसावरून. आम्ही चिंचपोकळीकर ते चिमण्यांवरून ओळखत असू. लोकल भायखळा सोडून पुढे सरकली की गिरण्यांच्या उंच चिमण्या दिसू लागत आणि खिडकीशी बसलेल्याच्या डोळ्यात काजळीचा एखादा कण हमखास जाई. डोळा चोळायची पाळी आली की समजावे, उतरायचे ठिकाण आले!

मी शाळेत जाऊ लागलो तो १९६०च्या सुमारास. गिरणीची भिंत आणि शाळेची भिंत यांच्यात एका गल्लीचे अंतर. सकाळी फळा पुसण्याआधी बाके पुसावी लागत. रात्रीतून त्यांवर काजळीचा असा थर बसे की, पाटी विसरलेली मुले बोटाने बाकावरच बेरजा करीत. वारा फिरला की गुरुजी ओरडत, "खिडक्या लावा रे!" लावल्या की जीव गुदमरे, उघडल्या की खोकला सुरू होई. पहिल्या बाकावरचा खोकला शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेतो गुरुजींचा पाढा अर्ध्यावर राही.

पण धुराला नावे ठेवण्याची आमच्या घरी सोय नव्हती. आबा गिरणीत कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजतात तिथे कामाला. माझा सदरा धुताना पाणी काळे झाले तरी आई म्हणे, "ती चिमणी धुरावते म्हणून आपली चूल धुरावते." या वाक्यापुढे कोण बोलणार?

आबांची एक गंमत होती. आठवड्याची सुट्टी संपवून ते कामावर गेले की त्याच दिवशी त्यांची छाती आवळून येई. पुढे दोन-तीन दिवसांत बरे वाटे. "मला सुट्टी बाधते," असे ते हसून सांगत. कापसाच्या बारीक धुळीने श्वासनलिका आकसतात, विश्रांतीनंतर पुन्हा धूळ लागली की त्रास उसळतो, आणि या रोगाला बिसिनोसिस म्हणतात, हे आम्हाला फार उशिरा कळले. तोवर त्यांना कामाच्या दिवशीही जिना चढवेनासा झाला होता.

धुराचा उपद्रव सरकारला ठाऊक नव्हता असे नाही. तो आवरण्यासाठी मुंबईत १९१२ सालीच कायदा झाला होता. १९१५ पासून खोपोलीची वीज गिरण्यांना मिळू लागली. तरी सुताला खळ लावायला आणि कापडाच्या धुलाई-रंगाईला वाफ लागे, म्हणून बॉयलर राहिले आणि चिमण्याही राहिल्या. १९७०नंतरच्या दशकात परळच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. एस. आर. कामत आणि त्यांचे सहकारी लालबाग, चेंबूर, खार अशा वस्त्यांत माणसांच्या छात्या तपासत हिंडले. चार हजारांवर माणसे त्यांनी पाहिली. खारपेक्षा लालबागेत खोकला आणि धाप अधिक आढळली. लालबाग म्हणजे आमचा शेजारच!

मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आमच्या खिडकीच्या चौकटीवर काजळी बसेनाशी झाली. आई सवयीने रोज फडके घेऊन जाई, चौकटीवरून बोट फिरवी आणि त्या स्वच्छ बोटाकडे पाहून डोळ्याला पदर लावी. स्वच्छ हवेला आमच्या घरात रडूनच सामोरे गेले कोणी.

आबांनी छाती दिली. तिचा पगार, थोडा का होईना, घरी आला. परंतु आमच्या वर्गातल्या मुलांनी जी छाती दिली तिची नोंद कोणत्या पगारपत्रकात झाली? लहान मूल मोठ्यापेक्षा भरभर श्वास घेते; त्याची फुप्फुसे अजून वाढत असतात. म्हणजे ज्याला सौद्यात कोणी विचारलेच नाही, त्याच्याकडूनच जबर किंमत घेतली गेली.

आज गिरण्या गेल्या. त्यांच्या जागी मनोरे उठताहेत, आणि माझ्या नातीच्या शाळेच्या बाकांवर आता काळ्याऐवजी करडा थर बसतो. मुंबई महापालिकेने २०२३ साली नियम केले: उंच बांधकामांभोवती पस्तीस फुटी पत्रे लावा, पाणी शिंपडा, राडारोडा झाकून न्या. नियम चांगले आहेत. त्या परातींवर मजुरांची भाकरी आहे हेही मी जाणतो. गिरणीकामगाराच्या मुलाला ते शिकवावे लागत नाही. पण पाणी शिंपडल्याने कोणाची भाकरी जात नाही. भाकरी आणि श्वास यांतले एकच निवडा, असे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले, आणि आम्ही ते मुकाट्याने मानले.

माझे मागणे लहानसे आहे. गैरहजर मुलांची नोंद शाळा रोज करते. ज्या दिवशी धुळीपायी वर्गाच्या खिडक्या लावाव्या लागल्या, त्या दिवसाचीही नोंद हजेरीपटावर व्हावी, आणि महिनाअखेर तो कागद महापालिकेत जावा. नातीला हे सांगितले तेव्हा तिने वेळ दवडला नाही. वहीच्या शेवटच्या पानावर तिने रेघा ओढायला घेतल्या आहेत. दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत एकोणीस झाल्या.