मुद्रेची पाठ

गुजरातेतल्या लोथल या सिंधू संस्कृतीच्या गावी सापडलेल्या मातीच्या ठशांवर पुढून एकशिंगी प्राणी असतो आणि अजून न उलगडलेली लिपी. माणसं त्यातच रमतात. मला ओढ लागते ती त्या ठशांच्या पाठीची. गाठोडं दोरीने करकचून बांधायचं, गाठीवर ओली माती थापायची आणि तिच्यावर मुद्रा दाबायची, अशी तेव्हाची रीत. कापड विरलं, दोर कुजले, आत काय होतं तेही गेलं. राहिली ती मातीत उमटलेली कापडाची वीण आणि दोराचा पीळ. वखारीला आग लागली, तीत ही माती भाजून निघाली, म्हणून चार हजार वर्षं टिकली. जळिताने एवढं राखून ठेवावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांनी 1955 पासून इथे उत्खनन केलं. सुमारे 214 मीटर लांबीचा भाजक्या विटांचा हौद त्यांना गोदी वाटला. काहींच्या मते तो नुसता तलाव. वाद चालू दे. इराणच्या आखातातल्या घडणीची एक गोल मुद्राही इथेच मिळाली आहे, आणि समुद्राशी गावाचं नातं सांगायला मला ती पुरते.

मणी घडवण्याचा कारखाना मात्र निर्विवाद. अंगणाभोवती खोल्या आणि घडणीच्या निरनिराळ्या टप्प्यांवर थांबलेले मणी. मळकट अकीक भट्टीत संथ तापवला की पोटातलं लोह रंग बदलतं आणि दगड लालबुंद होतो. मग भोक. सिंधू संस्कृतीतल्या लांब मण्यांना दोन्ही टोकांकडून भोक पाडत. आधुनिक संशोधकांनी तसं भोक पाडून पाहिलं, तेव्हा तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर दगड कोरला गेला. म्हणजे एकेका मण्यासाठी कित्येक दिवस एकाच जागी बसून सामता फिरवायचा, आणि शेवटच्या क्षणी दगड तडकला की सगळं मुसळ केरात! असे लाल मणी थेट मेसोपोटेमियातल्या उर शहराच्या राजथडग्यांत निघाले.

लोथलपासून जवळच्या खंबायतेत आजही अकीक भट्टीत लाल होतो, घासला जातो, विकला जातो. घासताना उडणारी बारीक धूळ कारागिरांच्या छातीत बसते. सिलिकोसिसने तिथली कितीतरी माणसं अकाली गेली आहेत. लोथलच्या मण्यांचं कौतुक करणाऱ्या प्रत्येकाने, माझ्यासकट, खंबायतच्या कारागिराच्या श्वासासाठीही आवाज उठवला पाहिजे.