शेजारची रिकामी जागा

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले, की हडपसरला ग्लायडिंग केंद्राचा माळ लागतो. तिथे ‘रोहिणी’चा विषय निघाला तर पंचांग उघडू नये! ते लाकडाचे, बिनइंजिनाचे, दोन आसनी विमान. नागरी विमान खात्याने आखलेले, १९६१ साली प्रथम उडालेले.

रोहिणीत गुरुशिष्य मागेपुढे नव्हे, शेजारी शेजारी बसत. डोक्यावर काच नाही. विंच नावाचे यंत्र तारेने ओढी, विमान पतंगासारखे चढे, तार सुटे आणि कानांत नुसता वारा उरे. वाऱ्याचा आवाज मंदावला म्हणजे वेग उतरला; नाक खाली करायचे. घार पंख न हलवता चढते आहे, तिथे ऊन हवेचा झोत. (आमच्या वर्गात इतके कान देऊन कोणी ऐकत नाही, ते असो.)

मग एके दिवशी गुरुजी खाली उतरत. रिकाम्या जागेचे पट्टे आवळून बांधत, नाहीतर ते दांड्यात अडकायचे, आणि बाजूला होत. एका माणसाचे ओझे कमी, त्यामुळे विमान नेहमीपेक्षा लवकर वर जाई. इंजिन नाही, उतरणे चुकले तर पुन्हा फेरी मारायची सोय नाही. खाली गुरुजी मान वर करून उभे. हात मात्र दांडा धरल्यासारखा नकळत हलत असे.