वळू सोडण्याआधीची मोजणी

अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात, गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्यांचा जो सँडहिल्स नावाचा विस्तीर्ण प्रदेश आहे, तेथे मांसोत्पादनासाठी गाईंचे कळप पाळणाऱ्या पशुपालकाचे सारे वर्ष एका तारखेभोवती आखलेले असते आणि ती तारीख म्हणजे कळपात वळू सोडण्याचा दिवस. गाईचा गर्भकाळ सुमारे २८३ दिवसांचा असल्यामुळे १ जूनला फळलेली गाय पुढच्या वर्षी ११ मार्चच्या आसपास विते, आणि दर वर्षाला एक वासरू हा क्रम टिकवायचा असेल तर व्यायल्यापासून साधारण ८२ दिवसांच्या आत तिने पुन्हा गाभण राहणे भाग असते. प्रजननाशी निगडित रोगांवरची लस कधी टोचावी, हा प्रश्न या घट्ट वेळापत्रकाच्या आत सोडवावा लागतो. म्हणूनच लसीची निवड आणि तिची तारीख या दोन गोष्टींचा विचार वेगवेगळा करता येत नाही.

ज्या रोगांसाठी हा खटाटोप असतो त्यांत बीव्हीडी, म्हणजे गाईगुरांचा विषाणुजन्य अतिसार, हा रोग सर्वांत कपटी म्हणावा लागेल. नावात अतिसार असला तरी त्याचा खरा घाव गर्भावर बसतो. गर्भ साधारण ४० ते १२५ दिवसांचा असताना हा विषाणू त्याच्यापर्यंत पोहोचला, तर गर्भाची रोगप्रतिकारशक्ती अजून अपक्व असल्याने ती विषाणूला परका मानत नाही. असे वासरू जगले तर जन्मभर विषाणू बाहेर टाकत राहते आणि पुढच्या हंगामातील गाभण गाईंना बाधित करते. १ जूनला फळलेल्या गाईच्या बाबतीत हे धोक्याचे दिवस ११ जुलैपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतात, म्हणजे नेमके कळप कुरणावर असताना आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्याची जनावरे चरत असताना. वसंतातल्या लसीचे खरे लक्ष्य हे दिवस असतात. वळू सोडण्याची तारीख ही केवळ मागे मोजत येण्यासाठी सोयीची खूण आहे.

मागे किती मोजायचे, हे लसीच्या प्रकारावर अवलंबून असते. दुर्बल केलेल्या जिवंत विषाणूची लस शरीरात काही काळ वाढते, म्हणून ती बळकट प्रतिकारशक्ती निर्माण करते. पण आयबीआर या श्वसनमार्गाच्या आणि गर्भपात घडवणाऱ्या रोगाचा लसीतला दुर्बल विषाणूदेखील, पूर्वी कधीही लस न मिळालेल्या कालवडीच्या बीजांडकोषात शिरून पीतपिंडाला, म्हणजे गर्भ टिकवणारे संप्रेरक स्रवणाऱ्या ग्रंथीला, इजा करू शकतो. अशी कालवड माजाच्या सुमारास टोचली गेली तर तिचे गाभण राहणे लांबते. म्हणून जिवंत लस आणि वळू यांच्यात किमान ३० दिवस असावेत, आणि कालवडींसाठी हे अंतर ४५ ते ६० दिवसांचे ठेवणे शहाणपणाचे ठरते. मृत विषाणूची लस या बाबतीत निर्धोक असली तरी पहिल्या वेळी तिच्या दोन मात्रा काही आठवड्यांच्या अंतराने द्याव्या लागतात आणि तिचे संरक्षण तुलनेने उणे पडते.

याच्या नेमकी उलट मागणी व्हिब्रिओसिसची असते. हा जिवाणुजन्य रोग वळूमार्फत, समागमातून पसरतो. गाय फळते, पण कोवळा गर्भ मरतो आणि ती काही आठवड्यांनी अनियमितपणे पुन्हा माजावर येते. त्यावरच्या लसीचे संरक्षण अल्पकाळ टिकत असल्याने ती हंगामाच्या जितकी जवळ द्यावी तितकी उपयोगी, आणि लेप्टोस्पायरोसिस या दुसऱ्या जिवाणुजन्य रोगावरच्या लसीचेही बव्हंशी असेच आहे. बाजारात मात्र हे सारे घटक अनेकदा एकाच बाटलीत येतात. तेव्हा एक घटक लवकर मागतो, दुसरा उशिरा, आणि पशुवैद्याला मधला मार्ग म्हणून ३० ते ४५ दिवसांची मर्यादा स्वीकारावी लागते. ही तडजोड मोठ्या गाईंच्या बाबतीत चालून जाते. कालवडींच्या बाबतीत ती करू नये: त्यांना दूध तोडताना एकदा आणि वळूच्या दोन महिने आधी पुन्हा जिवंत लस देऊन, व्हिब्रिओसिसची मात्रा स्वतंत्रपणे नंतर टोचणे हे कष्टाचे असले तरी सार्थकी लागणारे काम आहे, कारण त्यांच्या पुढच्या साऱ्या वेतांची प्रतिकारशक्ती याच पायावर उभी राहते.

व्यवहारात हे गणित बिघडते ते वासरांना डाग देण्याच्या दिवसाने. वसंतात सारा कळप एकदाच गोळा होतो, शेजारी मदतीला येतात, आणि त्याच दिवशी गाईंनाही टोचून मोकळे होण्याचा मोह स्वाभाविक असतो. पण वळू १ जूनला सोडायचा असताना तो दिवस मेच्या मध्यावर पडला तर वळूला जेमतेम दोन आठवडे उरतात. दिवस अलीकडे आणावा, तर मागच्या वर्षी हंगाम लांबलेल्या कळपातील काही गाई अजून व्यायच्या असतात, आणि गाभण गाईला जिवंत लस देण्याची मुभा उत्पादक केवळ तिला गेल्या बारा महिन्यांत, तीही गाभण राहण्यापूर्वी, तीच लस मिळालेली असेल तर देतात. नोंदी नसतील तर ती गाय गाभडण्याचा धोका पत्करण्यापेक्षा मृत लसच द्यावी.

या पेचाचे मूळ लसीत नसून हंगामाच्या लांबीत आहे. वळू ९० दिवस कळपात राहिला तर शेवटची गाय पुढच्या वर्षी ९ जूनच्या सुमारास विते, म्हणजे वळू पुन्हा सोडल्यानंतर. ६० दिवस राहिला तर १० मेच्या सुमारास. तोच हंगाम ४५ दिवसांचा केला, तर २१ दिवसांच्या माजचक्राप्रमाणे नियमित माजावर येणाऱ्या गाईला त्यात किमान दोन संधी मिळतात आणि शेवटचे वासरू साधारण २५ एप्रिलपर्यंत जन्माला येते. मग १ मेला कळप गोळा करताना त्यात गाभण गाय जवळपास नसते आणि जिवंत लसीला तिचे ३० दिवस मिळतात. असा हंगाम एका वर्षात आणता येत नाही. उशिरा विणाऱ्या गाई दर शरदात, गर्भतपासणीच्या वेळी, विक्रीसाठी बाजूला काढत तो तीन-चार वर्षांत आणावा लागतो.