जिंझू नदीच्या कांठीं

जपानांतील ताकायामाहून तोयामाकडे जाणारी आगगाडी डोंगर उतरूं लागली, कीं खिडकीखालीं एक हिरवी नदी सोबतीस येते. तीच पुढें जिंझू होऊन तोयामाच्या मैदानांत शिरते. आम्ही सहकुटुंब तेथें उतरलों तेव्हां मे महिना होता. खाचरांत पाणी भरलेलें, आणि त्यांत दूरच्या हिमशिखरांचें प्रतिबिंब पडलेलें. आमच्या सौ.स कोंकणांतील माहेर आठवलें. "किती निर्मळ जमीन ही!" ती म्हणाली.

जमीन निर्मळ आहे खरी. पण ती मूळची नव्हे.

नदीच्या वरच्या अंगास कामिओका येथें जस्ताची मोठी खाण होती. जस्ताच्या खनिजांत कॅडमियम मिसळलेलें असतें. खाणीचा गाळ नदींत जाई, नदीचें पाणी पाटानें खाचरांत येई, आणि पाणी वाहून गेलें तरी विष मातींत राही. तेथून तें भातांत, भातांतून माणसांच्या मूत्रपिंडांत. तीं बिघडलीं, कीं हाडें मऊ पडून ठिसूळ होत. रोग जडे तो बहुधा अनेक बाळंतपणें झालेल्या प्रौढ स्त्रियांना. नुसत्या खोकल्यानें बरगडी मोडे. रोगाचें नांवच 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय गं, दुखतंय!' घरचे लोक हें दुखणें लपवीत. तांदूळ खपणार नाहीं, मुलींचीं लग्नें जमणार नाहींत, ही धास्ती. यांत आम्हांस परकें असें कांहींच वाटलें नाहीं.

तेथील डॉक्टर नोबोरू हागिनो यांनीं खाणीकडे बोट दाखविलें. १९६८ सालीं सरकारनें कॅडमियम हेंच कारण मानलें. १९७१ मध्यें न्यायालयानें रोग्यांच्या बाजूनें निकाल दिला. पण निकालानें माती थोडीच शुद्ध होते? दूषित थर खालीं गाडावयाचा, त्यावर मुरमाचा थर ठोकावयाचा आणि वर बाहेरून आणलेली नवी माती पसरावयाची, असें काम ८६० हून अधिक हेक्टर शेतांत चाललें. तें २०१२ सालीं पुरें झालें, तोंवर आरंभीं पाळण्यांत असलेलें मूल तिशी ओलांडून गेलें होतें. खाणकाम २००१ मध्यें थांबलें. त्या डोंगराच्या पोटांत आतां शास्त्रज्ञ न्यूट्रिनो नांवाचे सूक्ष्म कण हेरीत बसतात. पण तो विषय निराळा. गांवकरी मात्र १९७२ पासून दर वर्षीं तज्ज्ञांना घेऊन कारखान्यांत शिरतात व स्वतः पाहणी करतात.

रात्रीं बिऱ्हाडीं यजमानीणबाईंनीं वाफाळलेला भात वाढला; ह्याच नदीकांठचा, असें त्यांनीं हंसून सांगितलें. सौ.नें एकदां वाडग्याकडे पाहिलें, मग आमच्याकडे. आम्ही संवयीनें चित्राहुति घातल्या आणि पहिला घास घेतला. भात किंचित् चिकट, पण गोड होता.