गजबजलेला फियॉर्ड

उत्तर ध्रुवापासून जेमतेम बाराशे किलोमीटरवर, स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या स्पिट्सबर्गन बेटाच्या पश्चिम अंगाला कोंग्सफियॉर्ड आहे. हिमनद्यांनी हजारो वर्षं डोंगर कोरून काढलेली ही खोल, लांबोडकी खाडी. तिच्या तोंडाशी उघडा समुद्र आणि पोटाशी निळसर बर्फाच्या भिंती. दक्षिण काठावर नी-ऑलेसुंड हे रंगीत लाकडी घरांचं गाव. एके काळी इथे कोळशाची खाण होती. नोव्हेंबर १९६२ मधल्या स्फोटात २१ कामगार गेले आणि पुढे खाण कायमची बंद झाली. गावाबाहेर एक लोखंडी मनोरा अजून उभा आहे. मे १९२६ मध्ये ध्रुवप्रवासी आमुंडसेनचं ‘नॉर्गे’ हे हवाई जहाज त्याला बांधलं होतं. तिथून ते ध्रुवावरून पार अलास्कापर्यंत गेलं.

आज गावात संशोधक राहतात. हिवाळ्यात वस्ती तीस-पस्तीस माणसांची. अवकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओ लहरी टिपणाऱ्या अँटेना इथे असल्यामुळे वाय-फाय, ब्लूटूथला बंदी आहे. माणसांचा गलबला असा मुळातच कमी. पाण्याखाली मात्र वेगळाच कारभार. हिमनदीपासून सुटलेले बर्फाचे तुकडे वितळू लागले की त्यांत शतकानुशतकं कोंडलेली हवा फटफट फुटून बाहेर पडते. पाण्यात मायक्रोफोन सोडला की ही अखंड तडतड ऐकू येते. ही जागा शांत आहे, असं आपण काठावरून म्हणतो. ज्यांचं सगळं आयुष्य त्या पाण्यात जातं, त्यांना ती तशी वाटत नसणार.

अनेक फियॉर्डच्या तोंडाशी समुद्रतळावर एक उंचवटा असतो आणि तो बाहेरच्या खोल पाण्याला अडवतो. कोंग्सफियॉर्डला तसा आडोसा नाही. उलट समुद्रतळावरचा एक खोल चर थेट त्याच्या तोंडापर्यंत येतो. अटलांटिकचं उबदार, खारं पाणी घेऊन उत्तरेकडे जाणारा प्रवाह या किनाऱ्याजवळूनच वाहतो. त्यातलं पाणी आत येतं, कधी कमी, कधी जास्त. २००५-०६ च्या हिवाळ्यात वाऱ्यांनी ते भर थंडीत आत लोटलं. एरवी त्या दिवसांत फियॉर्ड गोठलेला असायचा. तेव्हापासून त्याचं गोठणंच बेभरवशाचं झालं. बर्फ धरलाच तर आतल्या कोपऱ्यात, पातळ आणि थोडे दिवस. हिमनद्याही मागे सरत राहिल्या. ब्लॉमस्ट्रँड हा भाग नकाशात द्वीपकल्प म्हणून दाखवला जायचा. बर्फ हटला तेव्हा कळलं, ते बेट आहे.

हे बदल डोळ्यांना दिसतात. खरा बदल जिथे घडतो आहे, तिथे पोचायला जाळं पाण्यात सोडावं लागतं आणि वर आलेलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरावं लागतं. बशीत कोपेपॉड नावाचा एक इवला कवचधारी जीव दिसतो, तांदळाच्या दाण्याच्या साधारण निम्मा. अंग काचेसारखं आरपार. शरीराएवढ्याच लांबीचे दोन संवेदक दोन्ही बाजूंना ताठ पसरलेले, त्यांच्यावर लालसर झाक. आणि पाठीच्या आत, शरीराच्या लांबीभर, एक लांबट चकाकती पिशवी. ती तेलाची. या जिवाच्या कोरड्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग चरबीचा असू शकतो. थोड्या आठवड्यांच्या उन्हाळ्यात सूक्ष्म शैवाल खाऊन तो ही चरबी साठवतो आणि शरदात खोल पाण्यात उतरून पुढचे कित्येक महिने त्या साठ्यावर काढतो. ध्रुवीय समुद्रातल्या मासे, पक्षी आणि देवमाशांपर्यंत जाणारी बरीचशी ऊर्जा या पिशवीतून जाते. एवढ्या मोठ्या थंडीचा संसार इतक्या लहान जिवाच्या साठवणीवर चालतो, हे मला कितीदाही वाचलं तरी जुनं वाटत नाही.

या कोपेपॉडचे तीन भाऊबंद इथे भेटतात. कॅलॅनस फिनमार्किकस हा अटलांटिकचा, आकाराने लहान, बहुधा वर्षभरात आयुष्य पुरं करणारा. कॅलॅनस ग्लेशियालिस हा ध्रुवीय उथळ समुद्रांचा, मोठा, अंगात कित्येक पट तेल बाळगणारा. कॅलॅनस हायपरबोरियस सर्वांत मोठा. तो खोल ध्रुवीय पाण्यातला, अनेक वर्षं जगणारा. उबदार पाणी आत आलं की पहिल्याची संख्या वाढते. पाण्याबरोबर पाहुणे येतात, आणि पाणी थांबलं की पाहुणेही राहून जातात.

ग्लेशियालिसचं वेळापत्रक बर्फाशी बांधलेलं आहे. वसंतात समुद्रबर्फाच्या खालच्या अंगाला शैवाल धरतं. माद्या ते खातात आणि अंडी घालतात. बर्फ फुटून उजेड पाण्यात शिरला की मोकळ्या पाण्यातल्या वनस्पतिप्लवकांना बहर येतो. तोवर अंड्यांतून निघालेली पिल्लं खाण्याइतकी मोठी झालेली असतात. आईचं खाणं आधी, पिल्लाचं नंतर. बर्फ लवकर गेला किंवा धरलाच नाही, तर हे दोन बहर एकमेकांवर येतात किंवा पहिला होतच नाही. अन्न समुद्रात असतंच, फक्त पिल्लाची आणि त्याची भेट हुकते.

काळोखातही हा फियॉर्ड झोपत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य फेब्रुवारीत पुन्हा क्षितिजाला लागतो. या चार महिन्यांत पाण्यात काहीच हलत नसेल, अशी समजूत होती. पण ध्वनिलहरींनी घेतलेल्या नोंदींत वेगळंच दिसलं. कॅलॅनस खोल पाण्यात निपचित असतात, तेव्हा इतर प्राणिप्लवक चंद्राच्या तालावर वरखाली करत असतात, सुमारे २४.८ तासांच्या चांद्रदिवसाप्रमाणे. पौर्णिमेच्या आसपास चंद्र इथे कित्येक दिवस मावळतच नाही. त्या उजेडात शिकारी मासे आपल्याला टिपतील म्हणून हे जीव पन्नासेक मीटर खाली उतरतात. सूर्याची जागा चंद्र घेतो आणि जगण्याचं घड्याळ चालूच राहतं. ज्या पाण्यावर बर्फाचं झाकण उरलं नाही, तिथे हा उजेड आणखी खोल जातो.

पाण्यातल्या या घडामोडींचा पत्ता दगडांत लागतो. स्वालबार्डच्या उतारांवर, दगडधोंड्यांच्या खाली, लिटल ऑक हा काळापांढरा, दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम वजनाचा पक्षी घरटी करतो. वर्षाला एकच अंडं. समुद्रातून परतणाऱ्या पक्ष्याचा गळा फुगलेला असतो, कारण जिभेखालच्या पिशवीत कोपेपॉडचा लालसर लगदा भरलेला असतो. तो दगडाच्या फटीत शिरतो, आत पिल्लू ओरडतं, आणि थोड्या वेळात पक्षी रिकाम्या गळ्याने बाहेर येऊन पुन्हा समुद्राकडे निघतो. एका अभ्यासाच्या हिशोबानुसार पिल्लं वाढवण्याच्या दिवसांत एका पक्ष्याला रोज सुमारे ६०,००० कोपेपॉड लागतात; पाण्याखाली घालवलेल्या प्रत्येक सेकंदाला सहा. असा हिशोब ज्याला जमवायचा आहे, त्याला शिकार केवढी आहे हे महत्त्वाचं. म्हणून तो थंड पाण्यातला मोठा ग्लेशियालिस शोधतो. लहान फिनमार्किकस कितीही असले तरी त्यांच्यामागे तेवढ्याच बुड्या मारून पोट भरत नाही.

म्हणजे या फियॉर्डची कहाणी उजाड होण्याची असणार, असं इथवर वाटेल. तिथेच थांबलं पाहिजे. १९९६ पासून दर उन्हाळ्यात कोंग्सफियॉर्डमध्ये जाळी सोडून प्राणिप्लवकांची मोजणी होते आहे. पहिल्या वीस वर्षांचा ताळा काय सांगतो? अटलांटिकच्या काही जाती वाढल्या. २००६-०७ च्या उबदार काळात क्रिलही वाढले. थंड वर्षांत जास्त दिसणारा थेमिस्टो लिबेल्युला हा प्राणिप्लवक उबदार वर्षांत मागे पडला. ग्लेशियालिसमध्ये मात्र स्पष्ट घट आढळली नाही. आणि प्राणिप्लवकांचं एकूण वजन कमी होण्याऐवजी वाढलं. फियॉर्ड गजबजला.

काही संशोधकांनी पुढचा मुद्दाही मांडला आहे. उबेत फिनमार्किकस भराभर वाढतो, एका वर्षात पिढी पुरी करतो, आणि मग समुद्रात तयार होणारी एकूण चरबी कदाचित फारशी घटणारही नाही. ती लहान लहान पुड्यांत, लवकर लवकर फिरेल. हेरिंग, कॅपेलिन, देवमासे यांना ते चालून जाईल. लिटल ऑकला चालेलच असं नाही.

ही माहिती वाचून मला हायसं वाटत नाही, आणि वाटायला हवं असंही नाही. उलट तिच्यामुळे प्रश्न अवघड होतो. रिकाम्या समुद्रासाठी दुःख करणं सोपं असतं. भरलेल्या समुद्रात काय हरवतं आहे, हे सांगायला जास्त नजर लागते. तिथे हरवतो आहे तो मेळ: बर्फ केव्हा फुटतो, शैवाल केव्हा येतं, पिल्लू केव्हा बाहेर पडतं आणि पक्षी केव्हा घरटं धरतो, यांच्यातला हजारो वर्षांत जुळून आलेला मेळ. जीव तेवढेच राहतील, कदाचित वाढतीलही, पण कोणाच्या भुकेची वेळ कोणाच्या बहराशी जुळते हे बदललेलं असेल. ही ऊब आपल्या कोळशाची आणि तेलाची आहे. ज्या गावातून पूर्वी कोळसा निघायचा, तिथेच आज त्याच्या परिणामांची मोजदाद चालू आहे, याचा विचार केल्याशिवाय नी-ऑलेसुंडकडे बघता येत नाही.

या मोजणीत आपलाही हात आहे. गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचं ‘हिमाद्री’ हे स्थानक २००८ पासून नी-ऑलेसुंडमध्ये आहे. २०१४ च्या जुलैमध्ये याच फियॉर्डमध्ये १९२ मीटर खोल पाण्यात ‘इंडआर्क’ ही वेधशाळा नांगरून ठेवली गेली, वर्षभर तापमान, क्षारता आणि प्रवाह नोंदवण्यासाठी. ध्रुवावरच्या बदलांचं आपल्या पावसाशी काय नातं आहे, ते तपासणं हा तिच्यामागचा एक हेतू. झुआरी नदीच्या मुखाशी वसलेल्या वास्कोहून माणसं त्या पाण्याची नाडी धरून बसली आहेत, ही मला मोलाची गोष्ट वाटते.

म्हणून या फियॉर्डबद्दल ‘सगळं संपत चाललंय’ हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. ते उच्चारलं की बघण्याची गरजच उरत नाही. ‘एवढं काही बिघडलेलं नाही’ हेही तसंच. मोजणारी माणसं दोन्ही वाक्यं टाळतात. ती त्याच जागी, त्याच खोलीवर पुन्हा जाळं सोडतात. वीस वर्षांची रांग सलग असल्यामुळेच आज आपल्याला वाढ आणि बदल वेगवेगळे सांगता येतात. ही रांग तुटू द्यायची नाही, तिचा खर्च आणि कष्ट आपल्यासारख्या देशांनीही उचलायचे, आणि त्याच वेळी धूर कमी करायचा. तेलाच्या एका थेंबावर हिवाळा काढणाऱ्या जिवांचं आपण एवढं देणं लागतो.